डोक्यावरून आलेली पायरी

माळखडीच्या चिंचेखाली हा जो काळा चौकोनी दगड दिसतो, तो देव नाही. पाहुणे येतात आणि त्याला नमस्कार करतात. करू नये. ती एका सावकाराच्या दारची पायरी आहे, आणि तिच्यापुढे डोकं टेकणं याच गावच्या एका बाईने बंद केलं.

फार जुनी गोष्ट, असे सांगतात. सणगराची गोजरा घोंगड्या विणायची. नवरा गेला, माग राहिला. मेंढपाळ लोकर द्यायचे ती ज्वारीच्या बदल्यात, आणि ज्वारी होती एकट्या रंगराव सावकाराच्या जमिनीत खणलेल्या पेवात. लोकर मिळाली नाही तर माग मोडायचा आणि परक्याच्या रानात राबायचं, एवढंच तिच्यापुढे उरलं होतं. मागणाऱ्याने पायरीवर कपाळ टेकायचं, ही सावकाराची रीत. गोजराने टेकलं. वरून तो हसला.

"गोजरे, घरात गडी न्हाई. जामीन कोन तुला? तुझा माग?"

ती उठली. कपाळाची धूळ तिने पुसली नाही; तशीच घरोघर गेली, म्हणे. दळायला बसण्याआधी सुपातली एक मूठ बाजूला काढा, एवढंच बायकांना सांगितलं. मुठी एका कणगीत जमल्या. पहिली ज्वारी गोजरालाच मिळाली. घोंगड्या विकून तिने ती फेडली, वर एक मूठ जास्त घातली. मग त्याच कणगीच्या जोरावर कुंभारीण उभी राहिली, मग तेलीण.

"बायकांची सावकारी! उंदरं खातील," सावकार पारावर म्हणायचा. पारावरचे शहाणे हसायचे. हसायला अक्कल लागत नाही.

या माणसाला बाईचा इतका तिटकारा की पेवाजवळ तो बाईला फिरकू देत नसे. पेव आतून शेणामातीने लिंपायचं काम बायकांचं. ते त्याने गड्यांकडून वरवर उरकून घेतलं. दुष्काळाच्या साली झाकण काढलं, तर आत ओल शिरून ज्वारीचा काळा, कुजका लगदा.

तो कणगीपाशी आला. गोजरा म्हणाली, "देऊ की. आधी तुमची पायरी आना."

"चार गडी लागत्यात तिला!"

"गडी न्हाई. तुमच्या डोक्यावर आना."

चार गडी लागणारी ती शिळा त्याने एकट्याने आणली, असे सांगतात. काही जण त्याला देवीची करणी म्हणतात. त्यांना भूक ठाऊक नाही.

पायरी ठेवून तो तिच्यावर कपाळ टेकायला वाकला. गोजराने अडवलं. "डोकं नगं. तिच्यावर बसा. हितं मागनारा बसंल, देनारं उभं ऱ्हातील." तो बसला. तिने उभ्यानेच त्याच्या उपरण्यात सूप रिकामं केलं. जामीन विचारला नाही.

आजही माळखडीच्या बचत गटात कर्ज मागणारी त्या पायरीवर बसते आणि बाकीच्या तिच्याभोवती उभ्या राहतात. गेल्या साली एक बडे साहेब आले, बायकांना बचत शिकवायला. बरी जागा पाहून पायरीवर टेकले. साऱ्या बायका झटकन उठून उभ्या राहिल्या. आपला मान ठेवला म्हणून साहेब खूश झाले.

मग गटाच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "बोला साहेब, काय अडलंय तुमचं?"