चांदण्यात तोडलेला बांबू

एका डोंगराळ गावात एक आश्रमशाळा होती आणि त्या शाळेत अकरावीला रेवती भोये नावाची मुलगी होती. काळजी करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पेपर सोपा गेला तरी तिला धसका बसायचा, की आपलं नक्की काहीतरी चुकलंय. पण त्या वर्षी तिला जी काळजी लागली होती, ती मात्र उगाच नव्हती.

दिवाळी झाली की गावातली बहुतेक माणसं द्राक्षांच्या बागांवर मजुरीला जात आणि उन्हाळ्यात परत येत. रेवतीच्या आईने यंदा सांगून टाकलं होतं, "मी बागेत राबणार, तवा धाकल्याला बघाया कोणी नाय. तू पण चल." म्हणजे शाळा सुटली. एकदा बागेवर गेलेली मुलगी पुन्हा वर्गात येऊन बसल्याचं रेवतीने पाहिलं नव्हतं. ती रडली, रुसली, जेवायची थांबली. शेवटी आई वैतागून म्हणाली, "त्या तुमच्या स्पर्धेत बक्षीस आण, मंग राहा इथं. शाळेत राहून काय होतं, ते मला पण दिसू दे."

ती स्पर्धा जिल्ह्याच्या गावी भरायची. आदिवासी मुलांनी धंदा शिकावा म्हणून ती सुरू झाली होती. प्रत्येक शाळेच्या गटाने एखादी वस्तू बनवायची, परीक्षकांना समजावून सांगायची आणि तिथेच लोकांना विकायची. गटाला एक मार्गदर्शकही मिळे. रेवतीच्या गटाला अर्चनाताई मिळाल्या. तालुक्याला त्यांचा मसाल्यांचा छोटा कारखाना होता. दर शनिवारी त्या स्कूटरवरून घाट चढून येत आणि गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, खर्च कसा धरायचा, ते मुलांना शिकवत. बाई तोंडाने फटकळ होत्या, पण मुलांवर त्यांचा जीव होता.

रेवती आणि तिचा वर्गमित्र नवसू यांनी विजेच्या दिव्यावर घालायच्या बांबूच्या टोप्या विणायचं ठरवलं. विणीची कल्पना रेवतीची. दिवा लावला की भिंतीवर जाळीची नक्षी पडायची. पहिली टोपी पाहून अर्चनाताई म्हणाल्या, "ही माझ्या घरात लागली पाहिजे." त्या सहसा कशालाच चांगलं म्हणत नसत, त्यामुळे मुलं दिवसभर हवेत होती.

शिकता शिकता बांबू संपला. नवा तोडायला घाई नव्हती, कारण स्पर्धा दिवाळीनंतर होती. आणि अचानक निरोप आला, स्पर्धा दिवाळीच्या आधीच होणार.

आता पंचाईत अशी, की त्या गावात बांबू वाटेल तेव्हा तोडत नाहीत. अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडतात. चांदणं वाढत असताना बांबूत रस भरलेला असतो, त्याच्या गोडीने भुंगा लागतो आणि बांबू आतून पोखरून त्याचं पीठ पाडतो, असं तिथली माणसं सांगतात. चुकून तोडलाच, तर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात बरेच दिवस बुडवून ठेवतात. दसरा नुकताच झाला होता, चांदणं वाढत होतं. पौर्णिमा सरेपर्यंत थांबलं, तर विणायला वेळ उरत नव्हता आणि बुडवून ठेवायला दिवस कुठे होते?

"आता तोडत नाय ना गं," नवसू म्हणाला.

"मंग काय, हात हलवत जायचं स्पर्धेला?" रेवती म्हणाली.

नवसूला तिच्या घरचं सगळं ठाऊक होतं. तो घरून कोयता घेऊन आला. माणसं भातकापणीला गेलेली असताना दोघं बांबूच्या बेटात शिरली आणि रेवतीने स्वतः कोयता चालवला.

टोप्या सुरेख झाल्या. पण रेवतीची झोप उडाली. रोज सकाळी उठल्याबरोबर ती एकेक टोपी तळहातावर आपटून बघायची. काही पडायचं नाही. तरी मन मानायचं नाही, मग ती पुन्हा आपटायची. मैत्रिणी हसायला लागल्या, की ही टोप्या विकणार आहे का बडवणार आहे. स्पर्धा अगदी तोंडावर आली आणि एका सकाळी तिचं लक्ष कोपऱ्यातल्या उरलेल्या तुकड्यांकडे गेलं. त्यांच्याखाली पिवळसर पिठाची बारीक रांगोळी पडली होती. टोप्या त्याच बांबूच्या होत्या.

शनिवारी अर्चनाताई आल्या तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं.

"स्पर्धेत दिसेल का हे?"

"नाय. टोप्यांतून महिना-दोन महिन्यांनी पीठ पडाया लागेल."

"मग आता गप्प राहा. बक्षीस मिळू दे, पुढचा माल चांगल्या बांबूचा करा. अगं, तुझी शाळा सुटेल नाहीतर!"

बाई पोटतिडकीने बोलत होत्या, हे रेवतीला कळत होतं. ती मान हलवून वर्गात गेली. पण त्या बोलण्याने तिचं ओझं हलकं झालं नाही. उलट आता ते दोघींचं झालं.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह माणसांनी फुललं होतं. रेवतीच्या टेबलावर दिवा लागला आणि मागच्या पडद्यावर नक्षी पडली, तशी लोकांची गर्दी झाली. जो तो टोपी मागत होता. "परीक्षक बघून जाऊ देत, मग देते," असं सांगून ती वेळ मारून नेत होती. इतकी माणसं आपल्या वस्तूला चांगलं म्हणताहेत आणि आपल्याला पळून जावंसं वाटतंय, याचं तिला रडू येत होतं.

परीक्षकांत दामूशेठ नावाचे एक वयस्क व्यापारी होते. शहरात त्यांचं दिव्यांचं मोठं दुकान होतं. त्यांनी टोपी उचलली, फिरवून पाहिली, आत बोट घालून वीण चाचपली आणि विचारलं, "काम छान आहे. टिकेल किती?"

नवसूने याचं उत्तर पाठ करून ठेवलं होतं. दहा वर्षं, असं म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं आणि रेवतीकडे पाहून मिटलं. मागे उभ्या असलेल्या अर्चनाताईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. रेवतीला आई दिसली, बांधलेली बोचकी दिसली. बक्षीस हाताच्या अंतरावर होतं.

"ही टिकणार नाही," ती म्हणाली. "बांबू आम्ही चुकीच्या पंधरवड्यात तोडला. मीच तोडला. याला आतून भुंगा लागलाय. जेवणाच्या टेबलावर लावाल, तर ताटात पीठ पडेल."

दामूशेठनी टोपी उजेडात धरली.

"मला तर काही दिसत नाही."

"नाहीच दिसत. ते आमच्याच गावाला कळतं."

"मग गिऱ्हाइकाने काय करायचं?"

"गिऱ्हाईक काय करणार? आम्हीच सांगायचं."

तिने टेबलावरच्या सगळ्या टोप्या एकात एक घालून गोणीत भरल्या. एकही विकली नाही. बक्षीस नाचणीची बिस्किटं करणाऱ्या दुसऱ्या शाळेला मिळालं. टाळ्या वाजत असताना नवसू शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता.

सगळे निघाले तेव्हा दामूशेठ गोणीजवळ येऊन उभे राहिले.

"चांगला बांबू तोडणार कधी?"

"थंडीत बांबू पक्का झाला की, मार्गशीर्षातल्या अंधाऱ्या पंधरवड्यात. वाळवून, विणून होईतो माघ उजाडेल."

"मग माघात मला दुकानभर टोप्या दे. पण तू स्वतः बघून हो म्हणशील, त्याच. दुसऱ्या कोणाच्या हातच्या नकोत."

"देते," रेवती म्हणाली. आणि एसटीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की मार्गशीर्षात आपण इथे असणारच नाही. बक्षीस तर नाहीच, पण ती बागेवर असणार. खरं बोलून आलो आणि येताना खोटा शब्द देऊन आलो, या विचाराने तिचा जीव घाबरा झाला. शेजारी बसलेल्या अर्चनाताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुला जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही. आणि मी म्हणे मार्गदर्शक!"

घरी आई बोचकी बांधत होती. तिने वर न बघताच विचारलं, "आणलंस?"

"नाय."

मग रेवतीने पहिल्यापासून सगळं सांगितलं. आपण बांबू कधी तोडला, कोणाला काय बोललो, आणि शेठला काय कबूल करून बसलो, तेही. "मी उद्या ताईंना सांगते," ती म्हणाली, "शेठला कळवा म्हणून. जमायचं नाय. मी बागेवर असणार."

आईचे हात थांबले.

"त्याने तुझ्याकडेच मागितल्या? दुसऱ्या कोणाकडं नाय?"

"माझ्याकडंच."

"मंग तू बागेत बसून कशा देशील?"

आईने बांधलेली गाठ सोडली. आतले रेवतीचे कपडे एकेक करून बाहेर काढले आणि दांडीवर टाकले. ते करताना तिचे डोळे भरून आले, कारण धाकट्याला सांभाळून मजुरी करायची म्हणजे काय, ते तिला चांगलं ठाऊक होतं.

"धाकल्याला मी पाठीशी बांधून नेईन," ती म्हणाली. "शब्द देयाचा न् निघून जायचं, असं आपल्यात नाय. तू बांबू तोड."

तात्पर्य: आपल्या मालातलं जे वैगुण्य फक्त आपल्यालाच दिसतं, ते आपणच सांगावं. तसं सांगण्याने हातचं बक्षीस जाऊ शकतं, पण त्यानंतर लोक आपल्या शब्दावर विसंबून राहतात.