दोन हातांची दोन मापं

"प्रायश्चित्त सांगा माई. कडक सांगा. उपास म्हणाल तर उपास, अनवाणी फिर म्हणाल तर फिरतो."

मठाच्या ओट्यावर गोदामाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"कशाचं?"

"धंदा सोडला मी. बांगड्यांची पेटी नदीत सोडून आलोय."

"म्हणजे नदीला बांगड्या भरल्यास."

हा मुरारी कासार. बांगड्या भरण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि तोरा तर काय विचारता. बाईनं हात पुढं केला की बघूनच माप सांगायचा. परक्या बाईचा हात चारचौघांत धरायची मुभा एका कासारालाच असते आणि आपण त्या मुभेला कधी बट्टा लावला नाही, हे येता-जाता ऐकवायचा. पण तीन महिन्यांपूर्वी त्याची बहीण शेवंता कॅन्सरनं गेली, आणि तेव्हापासून तो कुणाला काही ऐकवत नव्हता.

माईंनी शेंगांची सुपली बाजूला सारली. उजवा हात त्याच्यापुढं धरला.

"माप सांग."

मुरारी बघतच राहिला. माईंनी संसार सोडून चाळीस वर्षं झाली होती. त्या हातात कुणी कधी बांगडी पाहिली नव्हती.

"माई, तुम्हाला बांगड्या..."

"माप सांग म्हटलं."

त्यानं हात धरला. बोटं जुळवली, अंगठ्याखालचं हाड दाबून पाहिलं. सवय ती, जाते कुठं?

"दोन-चारचं माप."

"आणि डावा?"

डावा हात त्याच्या हातात आला, आणि मुरारीची मान खाली गेली.

"डावाही तोच असतो माई. फार तर उजवा जरा दांडगा. एवढाच फरक."

"शेवंताचे?"

"श्रावणात भरल्या तिला. उजव्यात दोन-चारच्या गेल्या. डाव्यात शिरेनात. मग डाव्यात एक माप मोठ्या, दोन-सहाच्या भरल्या. दोन हातांना दोन मापं. मी हसून बायकांना म्हटलं, असा हात माझ्याशिवाय कुणी भरून दाखवा."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, दादा, काखेत सुपारीएवढं काहीतरी लागतंय. दुखत नाही पण."

"आणि तू?"

"चारचौघींत असलं बोलली म्हणून मलाच कानकोंडं झालं. म्हटलं, दुखत नाही ना, मग गप बस. ती गप बसली... संक्रांतीला हात असा सुजला की एक बांगडी चढेना. तेव्हा कुठं दवाखाना. डॉक्टर म्हणाले, छातीत सुरू झालं आणि काखेत उतरलं. श्रावणात आणली असती तर पुष्कळ करता आलं असतं. तिचा हात माझ्या हातात होता माई. मला माझी लाज वाटते. आरशात बघवत नाही."

"आणखी काय म्हणाले डॉक्टर?"

"काही नाही."

माईंनी हात काढून घेतला नाही.

"म्हणाले... दुसरी सख्खी बहीण असेल तर तिलाही तपासून घ्या. वेळेत कळलं तर माणूस वाचतं."

दुसरी सख्खी बहीण होती. सगळ्यांत धाकटी, हौसा. नदीपलीकडच्या गावात नांदत होती.

"तिला सांगितलंस?"

"नाही."

"डॉक्टर बोलल्याला किती दिवस झाले?"

"चार महिने." मुरारीला हे सांगताना जमिनीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं. "पण कसं सांगू? भावानं बहिणीला छातीचं कसं विचारायचं? दोनदा तिच्या दारापर्यंत गेलो. चहा पिऊन परत आलो. जीभच रेटत नाही. लाज वाटते."

"कुठली? श्रावणातली, का आत्ताची?"

मुरारीनं तोंड उघडलं. त्या दोन वेगळ्या आहेत, असं त्याला म्हणायचं होतं. मनात शोधून पाहिलं, तर एकच सापडली. तोंड मिटून तो रडायला लागला, भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत.

माईंनी त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळानं त्यानं नाक पुसलं. "मग प्रायश्चित्त काय, माई?"

"हौसाच्या गावाला गाडी कितीला आहे?"

"साडेचारची एसटी. ती चुकली की उद्याच."

माईंनी ओट्यावरच्या उन्हाकडं पाहिलं.

"चार वाजून गेले."

"हो माई."

"मग माझा हात कशाला धरून बसलायस?"