झांबूर खंडाचं एकच गाणं

राजा बुंबाळा हट्टाला पेटला होता. साऱ्या झांबूर खंडाने मिळून एक गाणं म्हणायचं!

आता झांबूरमध्ये हे जमावं कसं? किनाऱ्यावरचे लोक शीळ घालून बोलतात, रानातले नाकातून गुणगुणतात आणि डोंगरातल्यांची तर भाषाच ढोलात! वांगी महागली एवढं म्हणायचं तरी ढोल गळ्यात अडकवावा लागतो. मागच्या उत्सवात तिघांनी एकत्र गाऊन पाहिलं, तेव्हा राजाचा हत्ती जो पळाला तो अजून परतलेला नाही.

राजाने खापर फोडलं ढोलांवर. "बुडवा सगळे समुद्रात!"

हे ऐकून डोंगरातली तिंबी धावत दरबारात आली. तिची आई जन्मभर ढोलावरच बोललेली. ढोल गेला तर माउली लेकीला हाक कशी मारणार? पण गावोगाव मिरच्या विकून तिंबीला तिन्ही भाषा येत होत्या. तिने दरबारात शीळ घातली, "महाराज, ढोल राहू द्या. गाणं मी देते!"

"दे! पण ते कुणाला शिकवायचं नाही. अर्थ सगळ्यांना कळला पाहिजे. आणि माझे पाय आपोआप नाचले पाहिजेत. मी जन्मात नाचलेलो नाही!"

"नाचाल! फक्त उद्याच्या पंगतीतली चटणी माझ्या हातची."

"गाण्याचा नि चटणीचा काय संबंध?"

"गळा मोकळा होतो, महाराज!"

झांबूरच्या पंगतीचा रिवाज कडक. ढोलावर ठोका पडला की राजासकट साऱ्यांनी एकदमच पहिला घास घ्यायचा. मागेपुढे झालं की अपमान! ढोलाशी तिंबीची आई उभी होती. धम्म! सगळ्यांचा घास एकदम तोंडात गेला.

राजाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"स्स्स्... हाऽऽ!"

"स्स्स्... हाऽऽ!" किनारा म्हणाला. रानातल्यांना नाक सोडून तोंडाने बोलावं लागलं, कारण नाकं वाहत होती. डोंगरातल्यांच्या गळ्यातून आयुष्यात पहिल्यांदा सूर निघाला. प्रधानजी तर थेट वरच्या पट्टीत! आईने ठेका धरला आणि राजा उठून थयथया नाचू लागला.

"हे... स्स्... गाणं?" तो ओरडला.

"कुणाला शिकवलं का, महाराज?"

"नाही! हाऽऽ!"

"अर्थ कळला?"

"न कळायला काय झालं? पाणी आणा, पाणी!"

"आणि पाय?"

राजाने खाली पाहिलं. पाय थांबायला तयार नव्हते! त्याला असं हसू फुटलं की हसता हसता ठसका लागला. "ढोल मात्र... स्स्... बुडवणारच!"

"बुडवा की! पण ठेका थांबला तर भर पंगतीत तोंडावर आपटाल, महाराज!"

"नको, नको! वाजू द्या!" राजा पोट धरून हसला. त्याने तिंबीच्या आईला राजढोल दिला, तिंबीला गाडीभर गूळ दिला आणि त्यातला पहिला खडा स्वतःच पळवला.

तेवढ्यात राजढोल घुमला. आई लेकीला हाक मारत होती, "तिंबे, हसतेस काय! महाराजांना आधी पाणी दे!"