एक डोळा नदीवर

एका नदीकाठच्या गावात एक कुंभारीण होती आणि तिला राग फार यायचा. रागीट माणसाची गोष्ट म्हटली की शेवटी राग किती वाईट हे सांगायची रीत आहे. ही गोष्ट त्या रीतीची नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

कुंभारीण उगाच कुणाशी भांडत नसे. अर्धकच्ची मडकी पक्की म्हणून खपवणाऱ्या सख्ख्या दिराशी ती भांडली, पाणवठ्यावर गरिबाच्या सुनेला मागे ढकलणाऱ्या पाटलिणीशी भांडली. नवरा लवकर गेला होता. एकुलती एक लेक होती, साळू, आणि ती आईवरच गेली होती. साळूचा एक डोळा तिरळा होता. गावातली पोरं तिला ‘चकणी, चकणी’ म्हणून चिडवायची आणि साळू त्यांना दगड मारायची. डोळा तिरळा असूनही दगड बरोबर लागायचा, त्यामुळे चिडवणारे लांबूनच चिडवायचे.

एका वर्षी गावात एक तरुण चित्रकथी आला. चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवून गोष्ट सांगणारा. कागदावर एकेक प्रसंग रंगवायचा, पानांची चळत मांडीवर घ्यायची आणि एकेक पान उचलून लोकांसमोर धरत गोष्ट गात जायची, हा त्याचा पिढीजात धंदा. या चळतीला ते लोक पोथी म्हणतात. वाटेत काटा मोडून त्याचा पाय सुजला होता, म्हणून पाय बरा होईपर्यंत तो कुंभारणीच्या पडवीत राहिला. बसल्याबसल्या त्याने नवी पोथी रंगवायला घेतली. साळू त्याला रंग वाटून द्यायची आणि न मागता सल्लेही द्यायची.

पोथीतली गोष्ट अशी होती. एक नदी दर पावसाळ्यात माणसं ओढून नेई. सगळं गाव तिला हात जोडी, ओटी भरी, पण नदी काही ऐकेना. शेवटी एक पोर कमरेइतक्या पाण्यात उतरली, बोट उगारून म्हणाली, ‘आमची माणसं परत दे!’ आणि नदी वरमून मागे सरली.

त्या पोरीचं तोंड काढताना चित्रकथीच्या समोर साळू बसली होती. ती रंग वाटता वाटता मांजरावर खेकसत होती. त्याचा हात आपोआप चालला. पान वाळल्यावर बघतो तर चित्रातल्या पोरीचा एक डोळा नदीवर रोखलेला आणि दुसरा भलतीकडेच, पान बघणाऱ्या माणसाकडे. कागद महाग होता, म्हणून त्याने पान तसंच राहू दिलं.

देवळापुढे त्याने ते पान पहिल्यांदा उचललं तेव्हा एक म्हातारी ओरडली, “अगं बया, एक डोळा नदीवर हाय तिचा!”

चित्रकथी हजरजबाबी होता. त्याने लगेच विचारलं, “आनि दुसरा?”

“आमच्यावर!” सगळी पोरं एका आवाजात ओरडली.

झालं. त्या दिवसापासून ते पान वर आलं की चित्रकथीने विचारायचं आणि लोकांनी उत्तर द्यायचं, असा रिवाजच पडला. पोथी गावोगाव फिरली तसा रिवाजही फिरला. एखाद्या तिरळ्या पोरीला कुणी चकणी म्हटलं तर ती मान ताठ करून सांगू लागली, “एक डोळा नदीवर असतो माझा.” पुढे ते म्हणणंही बंद झालं, कारण चिडवणारेच उरले नाहीत.

दुसऱ्या वर्षी देवीची साथ आली. त्यात साळू गेली.

त्या काळी मेलेल्या माणसाचं तोंड मागे राहत नसे. राजाचं राहिलं तर नाण्यावर, देवाचं दगडात. कुंभाराच्या पोरीचं तोंड जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, त्या पोथीतल्या त्या एका पानावर. चित्रकथी दर जत्रेला गावात यायचा आणि कुंभारीण सगळ्यांच्या पुढे जाऊन बसायची. बाकीच्या पानांकडे ती बघायचीसुद्धा नाही. ते पान वर आलं की सगळं गाव ओरडायचं, “आमच्यावर!” आणि ती स्वतःशी पुटपुटायची, “माझ्यावर.” तेवढं झालं की ती उठून घरी जायची. मग वर्षभर तिला पुरायचं.

अशी कितीतरी वर्षं गेली. चित्रकथीचे केस पिकले, नाव मोठं झालं. एकदा त्याला राजाच्या दरबारी बोलावणं आलं. तिथे त्याने ते पान उचललं तेव्हा लोडाला टेकलेला एक दरबारी हसून म्हणाला, “नायिका आणि तिरळी? रंगवताना हात कापत होता वाटतं!” त्यावर सगळा दरबार हसला. ज्या डोळ्याने अख्ख्या मुलुखाला वेड लावलं, त्या डोळ्यासाठी चित्रकथीने एक शब्द तरी बोलायला हवा होता. त्याने मान खाली घातली.

घरी आल्यावर त्याला आपल्या पोथीत चुकाच चुका दिसू लागल्या. नदीचा रंग फिका, एका बैलाला पाय तीनच, आणि तो डोळा तर त्याच्या डोळ्यांत खुपू लागला. आता त्याच्याकडे राजाने दिलेले उंची रंग होते, सोन्याचा वर्ख होता. हातही तेव्हाच्या मानाने शंभरपट सराईत झाला होता.

चित्रकथी लोकांत एक जुना दंडक आहे. पान फाटलं, जीर्ण झालं, तर त्याला हळदकुंकू लावून नदीत सोडायचं. नवी पानं हवी तेवढी करायची. पण जुन्या पानावर नवा रंग चढवायचा नाही. त्याच्या बापाने हे त्याला अक्षरं शिकवावीत तसं शिकवलं होतं. असं असूनही या शहाण्याने दार लावून घेतलं आणि जुन्या पोथीवरच, पानामागून पान, नवा रंग चढवला.

त्या वर्षीच्या जत्रेत दुपार कलल्यावर देवळापुढे लोक जमले. चित्रकथीने पहिलं पान उचललं आणि लोक बघतच राहिले. नदी निळीशार होती, बैलाला चौथा पाय फुटला होता, आभाळात सोनं चमकत होतं. “वा, वा!” पाटील म्हणाला. चित्रकथीला मूठभर मांस चढलं. मग ते पान आलं.

पाण्यात एक सुंदर पोर उभी होती. कमळाच्या पाकळ्यांसारखे दोन डोळे, दोन्ही सरळ. नाकात नथ, दंडात सोन्याच्या वाक्या.

“एक डोळा नदीवर,” चित्रकथी सवयीने म्हणाला. “आनि दुसरा?”

लोक एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात पुढे बसलेली एक चिमुरडी म्हणाली, “तो पन नदीवरच हाय की.”

कुंभारीण उठली. आधी तिला कळेचना की झालंय काय. ती पानाजवळ गेली, वाकून बघितलं, आणि मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“दादा, जुनं पान कुठं हाय?”

“हेच ते, आक्का. सुधारलंय.”

“सुधारलंय? आनि ही कोन?”

“पोथीतली पोर. नदीला जाब विचारनारी.”

“ती कुनाची पोर व्हती, ठाऊक हाय का तुला?” इतकी वर्षं ती त्याला अहो-जाहो करत होती. आता ते संपलं होतं. “माझ्या पडवीत बसून काढलीस. रंग तिनं वाटला. माझी साळू व्हती ती!”

साळू. चित्रकथीला नाव आठवायला वेळ लागला, आणि तो वेळ सगळ्या गावाने पाहिला. त्याचा चेहरा उतरला. पण मोठं झालेलं माणूस लगेच चूक कबूल करत नाही.

“आक्का, चित्तर माझं हाय,” तो म्हणाला. “हात माझा, रंग माझा. पोरपनी केलेल्या चुका म्या जलमभर मिरवायच्या व्हय? मानूस शिकतं, हात सुधारतो. मला माझं काम नीट करायचा हक न्हाई?”

“त्याचं बी खरं हाय,” पाटील मध्येच म्हणाला. “ज्याची वस्तू त्याची मर्जी.”

“पाटील, तुम्ही गप बसा!” कुंभारीण कडाडली आणि पाटील खरोखरच गप बसला. ती पुन्हा चित्रकथीकडे वळली. “म्या बी वस्तू करते. चाकावर हाय तवर मडकं माझं. भाजलं, कुनी घरी नेलं, त्यात पानी भरलं, मग म्या त्यांच्या घरात शिरून त्याचा काठ फोडायचा आनि म्हनायचं, आता माझा हात सुधारलाय? तुला नवं करायचं व्हतं तर करायचं व्हतंस. कुनी तुझा हात धरला व्हता? पन जुनं कशापायी मारलंस? जुनं बाजूला ठेवून नवं का न्हाई केलंस?”

चित्रकथीने पान मांडीवर ठेवलं. मग अगदी हळू आवाजात त्याच्या तोंडून खरं निघालं.

“दोन्ही ऱ्हायली असती तर लोकांनी जुनंच मागितलं असतं.”

ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्याची चीड आली. म्हणजे याला ठाऊक होतं! लोकांचा जीव कशात आहे ते पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याने ते शिल्लक ठेवलं नाही.

“पूस तो रंग,” कुंभारीण म्हणाली. “माझी पोर खाली हाय. काढ तिला वर.”

त्याने फडकं ओलं केलं आणि जपून पुसायला लागला. आधी सोनं गेलं, मग नथ गेली, मग कमळाचे डोळे गेले. खाली जुन्या काजळीची एक रेघ दिसली. कुंभारीण पुढे वाकली, आणि तिच्या डोळ्यांदेखत ती रेघही फडक्याला लागून निघून गेली. डिंकात कालवलेला रंग तो. नव्याबरोबर जुनाही विरघळला. चित्रकथीच्या हातात मळकट, ओला कागद उरला. त्यावर पोरीच्या तोंडाच्या जागी एक डाग होता.

“मग नवी काढ,” ती म्हणाली. “तूच काढली व्हतीस ना? बस माझ्या पडवीत आनि काढ.”

तो बसला. जत्रा उठेपर्यंत तो साळू काढत होता. डोळा तिरळा करायचा, पण तो तिरळेपणाही देखणा यायचा. बोट रागाने उगारायचं, पण ते नाचणाऱ्या बाईच्या बोटासारखं वळायचं. त्याचा हात शिकला होता, आणि शिकलेलं विसरायला त्याला येत नव्हतं. एकेक कागद ती बघायची आणि बाजूला सारायची. “ही साळू न्हवं. ही बी न्हवं.”

शेवटी तो रडकुंडीला आला. “आक्का, मला आठवत न्हाई गं. तू सांग कशी व्हती ती. तू सांग, म्या काढतो.”

कुंभारणीने सांगायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. तिने डोळे मिटले, पुन्हा उघडले. साळू आठवायला गेली की तिला ते पानच आठवत होतं. इतकी वर्षं ती पानाकडे बघून लेकीला आठवत आली होती. लेकीचं तोंड मनातून कधी पुसलं गेलं आणि त्या जागी चित्र कधी येऊन बसलं, हे तिचं तिला कळलं नव्हतं. आता चित्रही गेलं होतं. त्या बाईची पोर दोनदा मेली.

ती रडली नाही. इतकी चिडली होती की रडायलासुद्धा तिला वेळ नव्हता.

देवळापुढे गाव जमलं. कुणी म्हणालं, पोथी जाळा. कुणी म्हणालं, याला पुन्हा गावात पाऊल ठेवू देऊ नका. पाटलाने या खेपेला शहाणपणा केला आणि कुंभारणीलाच विचारलं, “तू सांग, काय करायचं याचं?”

“जाळू नका,” ती म्हणाली. “त्यानं दर साली यायचं. गोष्ट सांगायची. ते पान आलं की हाच डाग पडलेला कागद वर धरायचा आनि इचारायचं. नवं पान धरायचं न्हाई.”

चित्रकथीने हात जोडले. “आक्का, येवढी शिक्षा नको. त्यापरीस मला हाकलून द्या.”

“हाकललं तर इसरशील,” ती म्हणाली. “तुला लई लवकर इसरायला व्हतं.”

तेव्हापासून तो दर जत्रेला येत राहिला. राजदरबारातून त्याला पुन्हा बोलावणं आलं, तेव्हा दुखण्याचं निमित्त सांगून तो गेला नाही. पण इथे त्याला यावंच लागायचं. ते पान आलं की तो पुसलेला कागद दोन्ही हातांनी वर धरायचा आणि म्हणायचा, “एक डोळा नदीवर. आनि दुसरा?”

“आमच्यावर!” गाव ओरडायचं. ज्यांनी जुनं पान पाहिलं होतं ते ओरडायचे, आणि ज्यांनी कधीच पाहिलं नव्हतं ती पोरंही ओरडायची.

कुंभारीण पूर्वीसारखीच सगळ्यांच्या पुढे बसायची. पण आता ती पुटपुटत नसे आणि त्या कागदाकडे बघतही नसे. कागद खाली येईपर्यंत तिचे दोन्ही डोळे चित्रकथीवर रोखलेले असायचे.

तात्पर्य: हात सुधारला असेल तर कोरा कागद घ्यावा. लोकांमध्ये वावरलेल्या जुन्या पानावर कुणाचं काय जपलेलं असतं, हे रंगवणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि एकदा पुसलेलं त्याच्या बापालाही परत काढता येत नाही.