त्रेचाळीस उघडी पानं

चूक धोंडे गुरुजींची होती. गाव हसतं नथूला, म्हणून हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

एका गावात एक भोळा नथू होता. त्याला कोतवाल व्हायचं होतं, आणि वय बसत होतं ते यंदाच्याच भरतीत. तोवर तो धोंडे गुरुजींच्या केंद्रात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायचा. रिटायर झालेल्या गुरुजींनी स्वतः कधी माउस धरला नाही. खुर्चीत बसून ओरडायचं, एवढंच त्यांना येत होतं. शाळेतही तेच केलं.

पहिल्याच दिवशी नथूने कौसामावशीचा अर्धा भरलेला फॉर्म बंद केला. सगळं पुन्हा भरावं लागलं.

"बैला! उघडलेलं पान बंद करायचं नसतं!"

"बरं, गुरुजी."

मग नथूने काहीच बंद केलं नाही. हवामान, कांद्याचा भाव, सातबारे, कुणाच्या तरी हळदीचा व्हिडिओ. आठवड्यात त्रेचाळीस पानं झाली. पंखा घरघरायला लागला. कॉम्प्युटर रांगायला लागला.

"मेमरी भरली, गाढवा!" हे गुरुजींनी पेपरात वाचलं होतं. "ब्राउझर प्रत्येक पानाला वेगळी खोली देतो. एक कोसळलं तर शेजारचं वाचावं म्हणून. कुणी बघत नसलं तरी पान खोली अडवून बसतं. जे नुसतं बसलंय ते बाहेर काढ!"

"बरं, गुरुजी."

सकाळी बाकावर सात माणसं नंबर लावून नुसती बसली होती. नथूने सातही बाहेर काढली. पानांना हात लावला नाही. ती बंद करायची नसतात, हे त्याच्या पक्कं लक्षात होतं.

"अरे, गिऱ्हाईकं ती! आल्या आल्या काम व्हायला हवं त्यांचं. ज्याला जे लागेल ते आधीच तयार ठेव!"

"बरं, गुरुजी."

रखमा पोटुशी होती. नथूने बाळाच्या जन्मदाखल्याचा फॉर्म उघडून ठेवला. दामूआबा खोकत होते. त्यांच्यासाठी मृत्युदाखल्याचा.

"मेल्या, मी जिवंत आहे!"

"असू द्या की, आबा. आपलं तयार असलेलं बरं."

भरतीचा शेवटचा दिवस उजाडला. पाचला मुदत संपणार. पावणेपाचला नथूचा फॉर्म भरून झाला, फोटो चढला, सही चढली. त्याने 'सादर करा' दाबलं. चक्र दहा मिनिटं फिरत राहिलं.

"गुरुजी, अडकलं!"

गुरुजींनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "कोणतं पान किती मेमरी खातं, ती यादी उघड. सगळ्यात जास्त मेमरी घेणारं पान बंद कर. मला विचारत बसू नकोस."

नथूने यादी उघडली. सगळ्यात वर त्याचाच फॉर्म होता. फोटो, सही, सगळं त्यातच.

नथूने तो बंद केला.

पंखा शांत झाला. कॉम्प्युटर पळायला लागला.

"गुरुजी, जमलं!" नथू आनंदाने ओरडला. पाचला दोन मिनिटं होती. नवा फॉर्म उघडून नाव टाकेपर्यंत पाच वाजले.

दामूआबांचा फॉर्म अजून उघडाच आहे. नथूची कोतवालाची नोकरी हुकली.