दिवाणांचं पान

चिमाबाई इनामदारांच्या बागेत फूल औषधालाही नव्हतं. रंगीत अळू, क्रोटन, केळी. जिकडे पाहावं तिकडे पानंच, आणि बाईंना त्यांचा भारी अभिमान.

संस्थानचे दिवाण त्र्यंबकराव पाहणीला आले आणि नाक मुरडून म्हणाले, "पानांना कोण विचारतं? उद्याच हे सगळं उपटा आणि गुलाब लावा."

"आधी जेवून घ्या," बाई म्हणाल्या.

पंगत बसली. सगळ्यांपुढे केळीची पानं, दिवाणांपुढे मात्र बाजारातून आणवलेल्या शेवंतीची रास. वाढपी वरणभात घेऊन तिथेच खोळंबला.

"बाई, मी जेवायचं कशावर?"

"फुलांवर. पानांना कोण विचारतं?"

दिवाणांनी शेवंती हळूच बाजूला सारली. "माझंही पान मांडा. बाग राहू द्या."

बाई ताठ मानेनं बागेत गेल्या आणि सगळ्यांत रुंद पान कापून घेऊन आल्या.