कुंचीचं खिंडार

हा दगडी बांध बघा. इथून थेट ओढ्यापर्यंत गेला आहे, कमरेइतका उंच, आणि दगड न् दगड जागच्या जागी आहे. फक्त इथे मधोमध खिंडार आहे. माणसाला अंग चोरून जावं लागतं, शेळी सहज जाते. दरवर्षी कुणीतरी शहाणा पाहुणा विचारतो, एवढा धड बांध, मग तेवढंच बुजवायचं कसं राहिलं? राहिलेलं नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी हा बांध कितीदा तरी पाडून नवा रचला आणि दरवेळी हे खिंडार मुद्दाम सोडलं.

दुसरी गोष्ट. मघाशी तुमच्यातल्या ह्या बाईंनी आमच्या सुनेच्या कडेवरचं बाळ बघून विचारलं, कुणाचं हो हे? ती नुसती हसली आणि निघून गेली. तुम्हाला वाटलं असेल, बाई शिष्ट आहे. शिष्ट ती आहेच, मला विचारा. पण आज तिची चूक नाही. चैत्र लागला की आमच्या जोगझिऱ्यात हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. बाळाबद्दल नाही आणि करडाबद्दलही नाही.

बसा ह्या हिवराखाली, सांगते. शेळ्या डोंगरावरून उतरायला अजून वेळ आहे. बोलताना माझे डोळे तिकडेच राहतील, राग मानू नका. माझी शेळी परवा व्याली, दोन करडं झाली, आणि त्यातलं एक ती जवळ येऊ देत नाही. शिंगावर घेते. सकाळपासून मी चार वेळा उठले आणि चार वेळा बसले. चैत्रात इथे कुणाचाच जीव थाऱ्यावर नसतो. वारा बघा कसा सुटला आहे, एका जागी म्हणून धूळ ठरत नाही.

तर फार पूर्वी इथे बांध नव्हता. एक घर होतं, एक चूल होती आणि शेळ्या कोंडायचं एकच वाडगं होतं, असं सांगतात. म्हातारा गेला आणि त्याचे दोन मुलगे वेगळे झाले. थोरला सिदू, धाकटा म्हाकू. शेत वाटलं, भांडी वाटली, शेळ्या वाटायला घेतल्या तर एक शेळी जास्तीची निघाली. तिचं नाव मोरी. सगळ्या कळपात दुधाला तीच. थोरला म्हणाला, मी मोठा, ती माझी. धाकटा म्हणाला, तिची आई मेली तेव्हा बोळ्याने दूध पाजून मी वाढवली, ती माझी. पंच बसले, पान-सुपारी खाऊन उठले, निकाल काही लागला नाही. मग एके दिवशी सिदू बाजाराला गेलेला बघून म्हाकूने मोरी आपल्या दावणीला आणून बांधली.

सिदू परत आला आणि बाभळीच्या फांद्या तोडायला लागला. संध्याकाळपर्यंत त्याने दोघांच्या घरांमधून थेट ओढ्यापर्यंत काट्यांचं कुंपण घातलं. मग दोघा भावांनी देवापुढे बेल-भंडारा उचलला. ह्या घरचं माणूस किंवा जनावर कुंपणातून त्या घरात जाणार नाही, त्या घरचं ह्या घरात येणार नाही. जो मोडेल त्याच्या घरात लेकरू जगणार नाही आणि वाडग्यात करडू जगणार नाही. अशी शपथ घ्यायला पुरुषांना फार वेळ लागत नाही. बायकांना कुणी विचारलं नाही. थोरल्याची चांगुणा आणि धाकट्याची ठमा, दोघी जावा एकाच तव्यावर भाकरी भाजणाऱ्या, त्या दिवसापासून कुंपणाच्या दोन बाजूंना झाल्या. दोघींनाही तेव्हा दिवस गेले होते.

त्या वर्षी फाल्गुन सरता सरता शेळ्या व्यायला लागल्या आणि दोघी जावाही बाळंत झाल्या. चांगुणाला मुलगी झाली, पण अंगावर दूध उतरेना. ठमाला मुलगा झाला आणि तो बारशाआधीच गेला. सकाळी तिने त्याची कुंची धुऊन कुंपणावर वाळत घातली होती. दुपारी कुंची वाळली, पण ती घालायला बाळ राहिलं नव्हतं. मग ती कुणी काढलीच नाही. म्हाकूने एकदा हात लावला तेव्हा ठमाने त्याच्याकडे असं पाहिलं म्हणे, की तो शेतावर निघून गेला.

वाडग्यातही तीच तऱ्हा. ज्या मोरीपायी एवढं रामायण झालं ती एक पाट टाकून वितानाच मेली. पाट म्हणजे शेळीचं मादी करडू. काळ्या कानांची, एवढीशी. म्हाकूच्या दुसऱ्या शेळ्या तिला लाथा मारून हाकलायच्या. ठमाने बोळ्याने दूध पाजून पाहिलं, आपलंच दूध पिळून पाहिलं, करडू तोंड फिरवायचं. आणि कुंपणाच्या पलीकडे सिदूची करडं हगवण लागून एकामागून एक गेली आणि त्यांच्या आया आटल्या. शेवटचं गेलं ते त्याच्या ढवळी शेळीचं. सिदूने त्याचं कातडं सोलून कुंपणावर टाकलं. आता कुंपणाच्या ह्या अंगाला कुंची आणि त्या अंगाला कातडं, वाऱ्यावर दोन्ही हलायची. ढवळीची कास दगडासारखी झाली होती, पण ती धारेला कुणाला हात लावू देईना. दिवसभर ओरडायची. त्यामुळे त्या घरात तान्ह्या मुलीला द्यायला शेळीचंही दूध नव्हतं. चांगुणा तिला गुळाचं पाणी चाटवायची आणि मुलगी दिवसेंदिवस सुकत चालली होती.

दोघे भाऊ आपापल्या बाजूला बसून म्हणायचे, त्यानेच शपथ मोडली असणार.

ठमाला घरात बसवत नसे. ती चुलीपाशी जायची, परत अंगणात यायची, वाडग्याला फेरी घालायची. छाती दुधाने ठणकायची. इकडे भुकेलं करडू ओरडतंय, तिकडे ढवळी ओरडतेय, आणि मधूनच त्या बारक्या पोरीचं रडणं, तेही रोज थोडं थोडं बारीक होत चाललेलं. मला विचाराल तर त्या बाईला वेड कसं लागलं नाही ह्याचंच मला नवल वाटतं.

शेळ्या राखणाऱ्या सगळ्यांना एक युक्ती माहीत असते. शेळी आपलं करडू वासाने ओळखते. करडू मेलं तर त्याचं कातडं दुसऱ्या पोरक्या करडाच्या पाठीवर बांधायचं. शेळी हुंगते, तिला आपलंच वाटतं, ती पान्हा सोडते. दोनचार दिवसांत दुधाचा वास करडाच्या अंगाला लागला की कातडं काढून टाकायचं. पण हे आपल्याच वाडग्यात करायचं असतं. ठमाने ते कुंपणातून केलं. भर दुपारी दोघे भाऊ रानात असताना तिने बाभळीच्या फांद्या हातांनी बाजूला ओढल्या, पलीकडचं कातडं ओढून घेतलं, मोरीच्या पाटीच्या पाठीवर बांधलं आणि त्या फटीतून तिला पलीकडे ढकललं. हात कोपरापर्यंत रक्ताळले. ती स्वतः मात्र फटीतून गेली नाही.

कुणी म्हणतात, तिने आधीच विचार केला होता की कातडं त्यांचं, वास त्यांचा, म्हणजे करडू त्यांचंच झालं, मग शपथ कुठे मोडली? मला नाही पटत. तिला फक्त ते ओरडणं सोसेना, एवढंच. विचार तिला नंतर सुचला असेल.

चांगुणा उंबऱ्यात बसली होती. मेलेलं करडू चालत येताना बघून ती आधी दचकली. मग कातड्याखालून बाहेर आलेले काळे कान तिला दिसले. ढवळी धावत आली, तिने पुन्हा पुन्हा हुंगलं आणि करडू कासेला लागलं. कित्येक दिवसांनी ढवळीचं ओरडणं थांबलं. संध्याकाळी नवरा यायच्या आत चांगुणाने ते करडू डालग्याखाली झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चांगुणा उठली, कुंपणापाशी आली आणि हात घालून वरची कुंची काढून घेतली. ती तिने आपल्या मुलीला घातली, बंद बांधले, आणि मुलीला त्याच फटीत नेऊन ठेवलं. हाक मारली नाही. आत येऊन दाराआड उभी राहिली.

रडणं ऐकून ठमा बाहेर आली. फटीत तिला आपली कुंची दिसली, हलताना दिसली. तिचं लुगडं छातीशी भिजलं, असं सांगतात. शेळीला कळलं नव्हतं, ठमाला मात्र सगळं कळत होतं. स्वतःच्या हाताने तिने आपल्या बाळावर माती लोटली होती. हे तोंड वेगळं, हे जावळ वेगळं, हेही तिला दिसत होतं. ती तिथेच काट्यांत बसली आणि तिने मुलीला पदराखाली घेतलं.

त्याच वेळी दोघे भाऊ रानातून परतले, दोन वाटांनी, आणि कुंपणाच्या दोन बाजूंना येऊन उभे राहिले. म्हाकूला आपल्या बायकोच्या मांडीवर लेकरू दिसलं. सिदूला आपल्या ढवळीखाली काळ्या कानांचं करडू दिसलं, आणि मग फटीतून पलीकडे पाहिल्यावर लेकरूही दिसलं. त्याच्या हातात काठी होती. तो म्हणाला, "इकडचं तिकडं जायाचं न्हाय, असं ठरलं हुतं."

ठमा मोठ्या दिरापुढे कधी मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"काय गेलंय भावजी? हे माझं लेकरू हाय. कुंची बघा. मीच शिवलीया."

दाराआडून चांगुणा बाहेर आली. ती नवऱ्याला म्हणाली, "आन ते करडू आमचं हाय. कातडं बघा. तुम्हीच सोललंय."

आता सिदूची पंचाईत बघा. ही माझी मुलगी आहे, एवढे शब्द त्याच्या तोंडून निघाले असते तर शपथ मोडली असं त्यानेच कबूल केल्यासारखं होतं. आणि शपथ मोडली की लेकरू जगणार नाही, हे त्यानेच भंडारा उचलून म्हटलेलं. गप्प राहिला तर ती दुसऱ्याची ठरत होती, पण जगत होती. बाप होता तो. कितीही हट्टी असला तरी बाप होता. 

शेवटी त्याने काठी खाली टाकली आणि फटीपाशी वाकून एवढंच विचारलं, "पितंय का?"

"पितंय," ठमा म्हणाली.

मग तो ओढ्यावर हातपाय धुवायला निघून गेला. म्हाकूही त्याच्या मागे गेला, आपल्या बाजूने.

दोघे भाऊ पुढे एकमेकांशी बोलले की नाही, ह्यावर गावात एकमत नाही. वरच्या आळीतले म्हणतात, बोलले. मला नाही वाटत. पण बाभळीचं कुंपण कुजल्यावर दोघांनी मिळून हा दगडी बांध रचला, एवढं खरं, आणि फट होती तिथे दगड ठेवला नाही. ती मुलगी जगली. काळ्या कानांची पाटही जगली. आमच्या गावातल्या निम्म्या शेळ्यांचे कान काळे आहेत, बघालच आता.

आजही इथे बाळ जन्मलं की त्याची पहिली कुंची धुऊन ह्या खिंडाराच्या दगडावर ठेवतात. ज्याला लागेल त्याने न्यावी. आजही चैत्रातल्या संध्याकाळी सगळ्या घरांची करडं इथे आणून सोडतात, आणि दुसऱ्याच शेळीच्या कासेला लागलेलं करडू कुणी ओढून काढत नाही.

आल्या बघा शेळ्या, आणि करडंही सोडली. पाय जवळ घ्या, तुडवतील. हे पांढऱ्या ठिपक्याचं माझ्याकडचं, तेच ते, आईने टाकलेलं. गेलं खिंडारातून. मला आता नीट दिसत नाही, धूळ फार आहे. बाई, तुमचे डोळे चांगले आहेत, तुम्हीच बघा. कुणाची शेळी ते नका सांगू. पितंय का, तेवढं सांगा.